आबांचा पाय आणि माझी सुई

गाडीचा रोग ओळखता आला नाही म्हणून मी ड्रायव्हर बदलायला सांगितलं.

तोही असा ड्रायव्हर, की ती गाडी सोडली तर या शहरात त्याचं स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. हे मी हात पुसत पुसत, चहाचा घोट घेत, मोठ्या ऐटीत सांगितलं. समोरच्या बाईंनी ते ऐकलं, कारण माझ्या शब्दाला तेव्हा वजन होतं. ते कसं आलं हे आधी सांगतो, म्हणजे मी किती उंचावरून पडलो ते कळेल.

नगर नाक्याच्या पुढं, वाळूजकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, एक कडुलिंब, गाडीच्या खाली उतरायचा खड्डा आणि गाड्या धुवायचा रॅम्प. आमचं घराणं भिक्षुकीचं. आजोबा गुलमंडीच्या बाजूला पूजा सांगत. वडील कचेरीत कारकून, पण सुट्टीच्या दिवशी तेही सत्यनारायणाला आणि नव्या गाड्यांच्या पूजेला जात. मी आयटीआयला नाव घातलं तेव्हा वडील बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढं गंमत अशी झाली, की लोक नवी गाडी वडिलांकडं न्यायचे आणि जुनी झाली की माझ्याकडं आणायचे. वडील म्हणायचे, "माझी पूजा नीट लागली असती तर तुझं दुकान चाललं नसतं." या सगळ्यामुळं हात ग्रीसनं कोपरापर्यंत काळे असले तरी गिऱ्हाईक मला 'गुरुजी'च म्हणायचं. मिस्त्री म्हणून हाक मारली तर मला दोन क्षण कळायचंच नाही, कोणाला बोलवतायत.

आमची पिढी कार्ब्युरेटरची. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकायचं. आजूबाजूचे मिस्त्री कानानं रोग सांगायचे, मीही सांगायचो. बरोबर निघाला तर कान चांगला, चुकीचा निघाला तर पेट्रोलमध्ये भेसळ. धंदा सुखात चालला होता. मग गाड्यांत कॉम्प्युटर आला आणि आमचे कान एका रात्रीत म्हातारे झाले.

आता ज्या वस्तूपायी हे रामायण घडलं, ती जरा समजावून सांगतो. पेट्रोल गाडीत एक्सिलेटर दाबला की पेट्रोल वाढतं असं आपल्याला वाटतं. खरं तर आधी हवा वाढते. इंजिनाच्या तोंडाशी एक गोल झाकण असतं, पाय दाबला की ते उघडतं. कार्ब्युरेटरच्या काळात आत जाणारी हवाच हवं तेवढं पेट्रोल ओढून न्यायची. नव्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. पण त्याला झाकण दिसत नाही. म्हणून झाकणाच्या दांड्याला काडेपेटीएवढी एक वस्तू लावलेली असते, थ्रॉटल पोझिशन सेन्सर. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण असायचं ना, तसाच आतला प्रकार. त्याला तीन वायरी. एकीतून कॉम्प्युटर पाच व्होल्ट पाठवतो, एक अर्थिंगची, आणि तिसरी निरोप नेणारी. झाकण बंद असेल तर निरोप जातो अर्ध्या व्होल्टचा. पाय जसा दाबाल तसा तो वाढत साडेचारच्या आसपास जातो. कॉम्प्युटर म्हणजे आतल्या खोलीत बसलेला साहेब. बाहेर काय चाललंय ते त्याला शिपाई सांगणार. शिपाई खोटं बोलायला लागला की साहेब मन लावून चुकीचं काम करतो.

या शिपायाची आणि माझी पहिली गाठ शहागंजातल्या एका कापडवाल्या सेठच्या गाडीत पडली. त्यांची गाडी पिकअप घेताना उचकी दिल्यासारखी अडखळायची. मी प्लग बदलले. मग प्लगच्या वायरी. मग फिल्टर. मग पेट्रोलचा पंप. सेठ दर वेळी हसतमुखानं गाडी न्यायचे आणि दर वेळी हसतमुखानं परत आणायचे. शेवटी माझ्या रॅम्पवर बसून शांतपणे म्हणाले, "गुरुजी, इंजन तो तुम पूरा बदल दिये. अब नंबर प्लेट बदल के देखो, क्या मालूम चल जाए."

ते बोलणं मला लागलं. पुण्याहून पार्ट घेऊन येणाऱ्या एका विक्रेत्याच्या मागं लागून मी थ्रॉटल सेन्सर समजून घेतला. काट्याचा जुना मीटर लावायचा, झाकण हातानं अगदी सावकाश उघडायचं आणि काट्याकडं बघत राहायचं. काटा दूध वर चढावं तसा सलग चढला पाहिजे. सेन्सर आतून घासला असेल तर वर जाता जाता काटा मध्येच एकदा मान खाली घालतो. सेठच्या गाडीत त्यानं मान घातली तेव्हा मी शेडमध्ये एकटाच नाचलो. नवा सेन्सर बसवला, उचकी गेली. सेठनं नानखटाईचा डबा पाठवला आणि शहागंजात माझं नाव केलं. तिथून 'थ्रॉटलवाले गुरुजी' अशी ख्याती पसरली. मी ती पसरू दिली.

आता एक अडचण. मीटर लावायचा तर सेन्सरचा प्लग जोडलेला ठेवून वायरीपर्यंत पोचायला हवं. सरळ रीत अशी, की बारीक पिन प्लगच्या मागच्या रबरातून अलगद आत सरकवायची. त्याला वेळ लागतो आणि चष्मा लागतो. मी त्यावर माझी युक्ती काढली होती. बायकोच्या डब्यातली शिवणाची सुई थेट वायरीच्या आवरणातून आरपार टोचायची आणि सुईला मीटर लावायचा. एका क्षणात निरोप हाती. सुई काढली की भोक दिसतसुद्धा नाही. या युक्तीवर मी इतका खूष होतो, की बघणारा कोणी असला तर सुई जरा उंच धरून मगच टोचायचो.

अशा भरात कुसुमताई माझ्या गॅरेजला आल्या.

त्या मूळच्या पिशोरच्या. सलग दोन वर्षं पाऊस रुसला, विहीर आटली, तेव्हा नवऱ्यानं वाळूजच्या कंपनीत काम धरलं आणि कुसुमताईंनी बजाजनगरात खानावळ काढली. कंपन्यांत पाळीवर असणाऱ्या पोरांना दुपारचा डबा पोचवायचा. त्यासाठी एक जुनी चौकोनी व्हॅन घेतली, जिचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं, ती. सीट उचलली की इंजिन. ती चालवायला सासरे. सून त्यांना मामा म्हणायची, बाकी अख्खं बजाजनगर आबा म्हणायचं.

आबा गावाकडं ट्रॅक्टरवाले म्हणून नावाजलेले. त्यांची नांगरट बघायला लोक बांधावर थांबायचे, असं ते स्वतः सांगायचे. शहरात आल्यावर त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पत्र्याच्या दोन खोल्या, खाली ना गोठा, वर ना माळा. व्हॅन आली आणि म्हातारा पुन्हा सरळ चालायला लागला. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात असे, की जणू कासराच धरलाय. डबे वेळेवर पोचले की गेटवरची पोरं "आबा आले" म्हणून ओरडायची. कुसुमताई मला एकदा म्हणाल्या, "गुरुजी, त्या वरडण्यावर मामाचा दिवस निघतो."

पहिल्यांदा गाडी आली ती पिकअपच्या तक्रारीनं. माझ्या हातचा मळ. सीट उचलली, सुई काढली, जरा उंच धरली, पाच व्होल्टच्या वायरीत एकदा आणि निरोपाच्या वायरीत एकदा टोचली. काट्यानं मान घातली. सेन्सर बदलला. आबा वाकून बघत होते. म्हणाले, "इंजेक्शन दिलं म्हणा की." मी म्हटलं, "तसंच समजा." गाडी वाऱ्यासारखी गेली.

पुढच्याच महिन्यात ती बंद पडायला लागली.

बंद पडायची म्हणजे कशी, तर डबे भरून निघाली, चार गतिरोधक ओलांडले, की इंजिन उगाचच भरभरायचं, गुदमरायचं आणि सिग्नलला मरायचं. मग कितीही सेल मारा, उठायची नाही. आबा उन्हात ताटकळायचे. अर्ध्या तासानं गाडी आपली आपण उठायची. तोवर जेवणाची सुट्टी संपलेली असायची आणि पोरं वडापाव खाऊन कामाला लागलेली. माझ्याकडं आणली तर गाडी शहाण्या सुनेसारखी. मी नाक्यापर्यंत चक्कर मारून यायचो, काही नाही. काटा तपासला, सलग. स्टिअरिंगच्या समोर बिघाड दाखवणारा पिवळा दिवा असतो, तो लागला नव्हता. त्याचा बल्ब केव्हाच उडालेला होता हे मला फार नंतर कळलं. गाडीला किल्ली लावल्यावर दिवा क्षणभर लागतो की नाही, एवढं बघायचं असतं. मी नाही बघितलं.

तिसऱ्या खेपेला आबा आणि कुसुमताई दोघंही आले. उन्हाळा मी म्हणत होता. पाण्याअभावी मी गाड्या धुणं बंद केलं होतं, त्यामुळं रॅम्पवर आसपासच्या बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत बसायच्या. म्हणजे जे झालं ते भर सभेत झालं.

मी प्लग खोलला. पेट्रोलनं ओलाचिंब.

"आबा, गाडी चालू करताना पाय देता का?"

"द्यावाच लागतो की. नाय दिला तर उठंल कशी?"

"किती वेळा दाबता?"

"उठंस्तवर."

मी प्लग कुसुमताईंच्या समोर धरला. ही गाडी कॉम्प्युटरची, हिला सुरू करताना पाय लावायचाच नसतो, ट्रॅक्टरसारखा पाय मारला तर पेट्रोल ओसंडतं आणि इंजिन बुडतं, वगैरे सगळं समजावलं. रॅम्पवरच्या बायकाही ऐकत होत्या, म्हणून जरा खुलवून सांगितलं. मग चहाचा घोट घेतला आणि निकाल दिला, "ताई, रोग गाडीत नाही. रोग पायात आहे. ड्रायव्हर बदला."

आबा म्हणाले, "आता नाय देत पाय. बिनापायाची उठवतो. बगा तुमी."

"मामा, ऱ्हाऊ द्या," कुसुमताई खाली बघत म्हणाल्या. "कंपनीतले पोरं दोनदा बोलले मला. अजून एकदा डबा चुकला तर दुसरी खानावळ लावतेत ते. मंग आपण काय करावं?"

आबांनी किल्ली माझ्या पान्यांच्या ट्रेमध्ये ठेवली. त्या ट्रेमध्ये मी पुष्कळ किल्ल्या ठेवलेल्या पाहिल्या आहेत. इतक्या हळू ठेवलेली दुसरी आठवत नाही.

रोजावर एक तरुण ड्रायव्हर लागला. आणि काय सांगू, गाडी एकदाही बंद पडली नाही. कुसुमताईंनी मुद्दाम निरोप पाठवला, की गुरुजी, तुमचं बरोबर निघालं, एकदा जेवायला या. मी लगेच गेलो. कौतुकाचं जेवण मी कधी टाळत नाही.

बजाजनगर तेव्हा दर महिन्याला नवं दिसायचं. जिथं मागच्या वेळी ज्वारीचं धसकट पाहिलं तिथं आता तीन मजले, आणि तिन्ही मजल्यांवर पोरांच्या पाळीच्या कपड्यांच्या दोऱ्या. घरं वाढत होती, पाणी तेवढंच, तेही कमी होत चाललेलं. गल्लीच्या तोंडाशी मला आबा दिसले. सायकलच्या दोन्ही बाजूंना खाद्यतेलाचे मोठे जुने कॅन लटकावलेले, पाण्यानं भरलेले. झाकणं हरवलेली, म्हणून तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी बांधलेली. सायकलवर बसणं शक्यच नव्हतं, ते ती ढकलत नेत होते. टोपी घामानं भिजून कपाळाला चिकटली होती. मला बघून त्यांनी "राम राम" केला, सायकल मात्र थांबवली नाही.

मी ताटावर बसता बसता कुसुमताईंना विचारलं, "आबा कुठं निघाले?"

"छोट्या वर्कशॉपला प्यायला पाणी नाय, गुरुजी. तिथल्या पोरांना डब्यासंगं पाणीबी देतो आपण. आधी व्हॅनमधीच जायचं, पुढच्या सीटवर. मागं डबेच डबे. ह्यो नवा ड्रायव्हर म्हनतो, डबे नेतो, पाणी-बिणी आपल्याला जमणार नाय. मंग मामा नेतेत सायकलवर. नका म्हनलं तर आयकत नाय. बसून खायाला मी काय पाव्हणा हाय का, म्हनतेत."

मंडळी, एवढं सगळं भाजी-भाकरीसारखं माझ्या समोर वाढलं होतं. आबा होते तेव्हा पुढच्या सीटवर पाणी होतं. आबा उतरले, पाणीही उतरलं, गाडी बरी झाली. सीटच्या खाली काय असतं हे त्या गल्लीत माझ्याइतकं कोणालाही माहीत नव्हतं. आणि मी काय केलं, तर ठेचा आणखी मागितला.

कसं होतं, एकदा निकाल दिला, की माणूस पुरावा बघत नाही, पंगतीत कोण काय म्हणतंय ते बघतो.

त्यानंतर मी अधूनमधून तिकडं जेवायला जाऊ लागलो. असाच एका दुपारी गेलो तर दारात गोंधळ. डबे भरून व्हॅनमध्ये ठेवलेले, आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही. लग्नसराईचे दिवस, तो न सांगता कुठल्याशा वरातीला गेला होता. नवरा कंपनीत. कुसुमताई एकदा घड्याळाकडं आणि एकदा आबांकडं बघत होत्या. आबा सायकलला कॅन बांधत होते. ते मुद्दाम तिकडं बघत नव्हते.

मी म्हटलं, "द्या किल्ली. मी नेतो."

आणि वर उदारपणा दाखवत म्हटलं, "आबा, ते कॅन कशाला ढकलता? आणा इकडं, माझ्या शेजारी ठेवा. तुम्ही मागं डब्यांत बसा, मला गेट दाखवा."

त्यांनी सीटवर गोणपाट अंथरलं, त्यावर कॅन ठेवले. मागच्या दारातून आत चढले आणि डब्यांच्या मध्ये पाट टाकून बसले.

मी निघालो. पहिला गतिरोधक. पाणी डचमळलं, पिशवीच्या बाजूनं थोडं सांडलं. माझी पँट भिजली. दुसरा, तिसरा. मोठ्या चौकाच्या अलीकडं इंजिन उगाचच भरभरलं. मी पाय काढला तरी भरभरतंय. मग गुदमरलं, एक आचका दिला आणि बरोबर चौकाच्या मध्यभागी मेलं.

मागं एक ट्रक, त्याच्या मागं कंपनीची बस, त्याच्या मागं अख्खं वाळूज. सगळे हॉर्नवर. मी सेल मारला. उठेना. पुन्हा मारला. उठेना. घाम डोळ्यांत यायला लागला आणि माझा पाय आपोआप एक्सिलेटरवर गेला. मी दाबायला लागलो. एकदा, दोनदा, उठेस्तोवर.

मागून डब्यांच्या मधून शांत आवाज आला, "गुरुजी, पाय नका देऊ. इंजिन बुडतं."

मी पाय काढून घेतला. त्या क्षणी मला कळलं, की सीटवर मी बसलोय. पाय माझा आहे. आणि रोग जागच्या जागी आहे.

दोन-तीन रिक्षावाल्यांनी ढकलून गाडी कडेला घेतली. मी कॅन उतरवले, ओलं गोणपाट बाजूला फेकलं, सीट उचलली. कडेच्या फटीतून पाण्याची धार नव्हती, थेंब होता. एकेक थेंब, सावकाश, बरोबर थ्रॉटल सेन्सरच्या वायरींच्या जुडग्यावर. बोअरचं खारं पाणी. वायरी पुसायला गेलो तर लाल आवरणावर हिरवट पांढरा डाग, आणि शेजारच्या वायरीवर तसाच दुसरा. डागाच्या मधोमध एकेक बारीक भोक.

माझी सुई. पाच व्होल्टच्या वायरीत एकदा, निरोपाच्या वायरीत एकदा.

सगळं उलगडलं. दोन भोकांमध्ये खाऱ्या पाण्याचा थेंब बसला, की पाच व्होल्ट थेट निरोपाच्या वायरीत घुसायचे. शिपाई साहेबाला ओरडून सांगायचा, की पाय तळापर्यंत दाबलाय. साहेब पेट्रोल ओतायचा. प्लग ओले. आणि सेल मारताना पाय पूर्ण दाबलेला दिसला, तर इंजिन आधीच बुडालंय असं समजून साहेब पेट्रोलच बंद करतो, तशी त्याला शिकवणच असते. मग उठणार कुठून? अर्ध्या तासात इंजिनच्या उष्णतेनं थेंब वाळायचा आणि गाडी माझ्या दारात हसत हजर. आबांनी पाय दिला असता, नसता दिला, काही फरक नव्हता.

उंदरानं वायर कुरतडली, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण आबा शेजारी उकिडवे बसले होते आणि भोकांकडं बघत होते.

"ह्ये भोकं कशाचे?"

"सुईचे."

"कोनाची सुई?"

"बायकोची."

आबांनी विचार केला. "त्या आल्या होत्या का गॅरेजला?"

"नाही. मी टोचली. पहिल्यांदा गाडी आणली होती तेव्हा."

"इंजेक्शन," आबा म्हणाले.

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून दिला. मी वायरी कोरड्या केल्या, कॅनच्या तोंडची पिशवी फाडून तिचा तुकडा दोन्ही वायरींच्या मध्ये गुंडाळला. सेल मारला. पाय न देता गाडी उठली. मी उतरलो आणि दार उघडं धरलं. "आबा, बसा. तुम्ही चालवा."

"सुनंनं किल्ली तुमाला दिली," आबा म्हणाले आणि मागं जाऊन पाटावर बसले.

त्या दिवशी डबे उशिरा पोचले. गेटवर मी कानकोंडा होऊन उभा होतो. पोरं भुकेली होती आणि त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. एकानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आबांना विचारलं, "हा कुठून धरून आणला? तुम्हीच येत जा ना." आबा डबे देताना प्रत्येकाचं नाव घेत होते. मी ऐकत होतो. एक नाव चुकलं नाही.

परत आल्यावर मी खानावळीच्या दारातच कुसुमताईंना सगळं सांगितलं. आत पोरं जेवत होती, तरी सांगितलं. रॅम्पवर चारचौघांत निकाल दिला होता, तर तो मागं घेतानाही चार माणसं हवीत, एवढी अक्कल तोवर आली होती. कुसुमताई तव्यावरची भाकरी उलटायची विसरल्या.

"म्हंजे मामाचं काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

"मंग इतके दिवस त्यांनी उन्हात सायकल कशापायी ढकलली, गुरुजी?"

मी खिशातून किल्ली काढून पुढं केली. भाकरी करपल्याचा वास आला. त्यांनी ती बाजूला काढली, हात पुसला, माझ्याकडून किल्ली घेतली आणि उंबऱ्याशी बसलेल्या आबांच्या पुढं धरली. "मामा, धरा. रागात असले तरी धरा." आबांनी ती धरली. धोतराच्या सोग्यानं पुसली आणि कनवटीला लावली.

आता नगर नाक्याच्या पुढं माझं शेड नाही. रस्ता रुंद झाला त्यात कडुलिंब गेला, रॅम्प गेला. पुढं पाऊस बरा झाला आणि हंडे घेऊन बसणाऱ्या बायका कुठं कुठं पांगल्या. आजचा मेकॅनिक गाडीला मशीन जोडतो आणि थ्रॉटल सेन्सरचं दुखणं पडद्यावर अक्षरात वाचतो. चांगलंच आहे ते. कोणाला सुई टोचावी लागत नाही. पण झाकण हातानं सावकाश उघडत काट्याकडं श्वास रोखून बघायचं जे सुख होतं, ते पडदा वाचणाऱ्याला नाही मिळायचं. शहागंजातले सेठ गेले. बजाजनगरात गेलो तर मला ती गल्ली ओळखू येत नाही. पण तिथं कुठं भाकरीचा वास आला, की मी आपसूक रस्त्याच्या कडेला सरकतो, पाण्याची सायकल येत असल्यासारखा.

त्या गोंधळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः गाडी चालवत गॅरेजला आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. मी टोचलेल्या वायरी कापल्या, नवे तुकडे झाळून जोडले, त्यांवर रबरी नळी चढवली, सीटची फट बुजवली आणि कॅनसाठी मागं लोखंडी घडवंची ठोकून दिली. आबा पूर्ण वेळ उभं राहून बघत होते, माझ्या हातात सुई येते का, ते. काम झालं. त्यांनी एक्सिलेटरला पायही न लावता, म्हणजे पाय अगदी वर उचलून धरून, किल्ली फिरवली. गाडी उठली.

मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "आबा, मनात राग असेल तर बोलून टाका. माझं चुकलं."

"राग नाय," आबा म्हणाले. आरसा नीट केला, मागं बघितलं, गाडी गिअरमध्ये टाकली. मग थांबले. "पन काल मी मागं बसलो होतो, तवा एक सांगतो. गाडीला खुशाल हात लावा, गुरुजी. पन चालवू नका. तुमाला येत नाय."